आगबोटीच्या पोटातले आगवाले

फेब्रुवारी-मार्चात आमच्या जवळा बाजारच्या शिवारात फेरी मारली, की कुठल्या ना कुठल्या धुऱ्यावर हळद शिजताना दिसते. पूर्वी मोठ्या काहिलीत शिजायची, आता बहुतेक ठिकाणी लोखंडी कुकर आला आहे. पाण्याची टाकी, तिच्याखाली जाळ, आणि टाकीतून निघालेल्या नळ्यांमधून हळदीच्या ड्रमांत सोडलेली वाफ. हळदीचा भाव बसमतच्या नाहीतर हिंगोलीच्या बाजारात ठरतो. पण ती नीट शिजली की नाही, हे जाळ घालणाऱ्या गड्याच्या हातात असतं. लाकूड ओलं निघालं, त्याचं लक्ष उडालं, की वाफ बसते आणि हळकुंड आतून कच्चं राहतं. तो दिवसभर धगीपुढं असतो. डोळे लाल, नडगीवरचे केस होरपळलेले, अंगावरचा सदरा घामानं भिजून पुन्हा वाळलेला. हळद विकून आल्यावर हिशेब होतो तेव्हा मात्र त्याचं नाव कोणी काढत नाही.

जाळ, पाणी आणि वाफ. याच तीन गोष्टींनी सव्वाशे वर्षं जगातला समुद्र चालवला. आमच्या गावापासून तो समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तरीही ती गोष्ट इथून सांगावीशी वाटते, कारण तिच्या मुळाशी जाळ घालणारा गडीच आहे.

वाफेवर चालणाऱ्या जहाजाला मराठीनं नाव दिलं आगबोट. इंग्रजांनी त्याला वाफेवरून ओळखलं, आपल्या लोकांनी आगीवरून. गाडी आली तीही आगगाडी झाली. नाव ठेवणाऱ्यानं नेमकं मूळ हेरलं होतं, कारण वाफ हे फळ आणि आग हे कष्ट. त्या आगीपुढं उभं राहणाऱ्या माणसाला जहाजावर म्हणत आगवाला. बोटीचं नाव आपण जपलं. आगवाला विसरलो. मुंबईच्या बंदराचा, कोकणच्या किनाऱ्याचा आणि वऱ्हाड-मराठवाड्याच्या कापसाचा इतिहास त्याच्या फावड्याशिवाय पुरा होत नाही, म्हणून हा लेख.

ह्यू लिंडसे आणि सहा तासांचा कोळसा

२० मार्च १८३० रोजी मुंबई बंदरातून ‘ह्यू लिंडसे’ नावाची आगबोट सुएझकडे निघाली. मुंबईच्याच गोदीत, वाडिया घराण्यातल्या पारशी कारागिरांनी ती सागवानात बांधली होती. ४११ टनांची बोट, आणि ८० अश्वशक्तीची दोन इंजिनं. केप ऑफ गुड होपला वळसा घालून विलायतेला पत्र पोचायला त्या काळी कित्येक महिने लागत. तांबड्या समुद्रातून वाफेच्या जोरावर टपाल नेता येतं, हे कॅप्टन जॉन विल्सनला दाखवून द्यायचं होतं.

अडचण कोळशाची होती. बोटीच्या कोठारात जेमतेम साडेपाच दिवसांचा कोळसा मावे, आणि पहिला थांबा एडन त्याहून कितीतरी दूर. म्हणून खोल्या, डेक, जिथं जागा दिसेल तिथं कोळसा भरला. बोट पाण्यात इतकी दबली की वेग उरला नाही. अकराव्या दिवशी ती एडनला लागली, तेव्हा आत सहा तास पुरेल एवढाच कोळसा शिल्लक होता. २२ एप्रिलला ती सुएझला पोचली. एकूण ३३ दिवसांपैकी बोट चालली २१ दिवस. बाकीचे दिवस वाटेतल्या थांब्यांवर कोळसा चढवण्यात गेले.

या एका प्रवासानं पुढच्या शंभर वर्षांचं राजकारण ठरवलं. शिडाच्या गलबताला वारा फुकट मिळे. आगबोटीला मात्र वाटेत जागोजागी कोळशाची रास लागे, आणि रास सांभाळायची तर जमीन हवी. १९ जानेवारी १८३९ रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेनं एडन घेतलं. ते गाव १९३२ पर्यंत मुंबईच्या कारभाराखाली होतं. अरबस्तानच्या टोकावरचं एक उघडं-बोडकं बंदर मुंबई इलाख्याला जोडलं गेलं, ते मुख्यतः कोळशापायी.

आपला कापूस, त्यांची भट्टी

१८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. त्यांची नजर आपल्या काळ्या जमिनीकडं वळली. निजामानं १८५३ लाच वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं होतं, आणि ज्या पलटणीच्या कर्जापायी दिलं त्या पलटणीची एक छावणी आमच्या हिंगोलीत होती. वऱ्हाडातला कापूस खामगाव-अकोल्याच्या बाजारात यायचा, गठ्ठे बांधले जायचे आणि मुंबईकडं निघायचा. १८६९ ला सुएझ कालवा खुला झाला. कालव्यात आणि तांबड्या समुद्रात शिडाच्या जहाजांचं काही चालेना, तेव्हा हा सारा माल आगबोटींवर चढू लागला. मुंबईत १८८० ला प्रिन्सेस डॉक, १८८८ ला व्हिक्टोरिया डॉक, १९१४ ला अलेक्झांड्रा डॉक अशा गोद्या एकामागून एक उघडल्या. माझगावच्या किनाऱ्याला कोळसा बंदर हे नावच पडलं. वेल्सचा कोळसा समुद्रानं मुंबईला यायचा, पुढं बंगाल-बिहारच्या खाणींतलाही येऊ लागला.

बोटीत कोळसा चढवणं हेही माणसांच्याच डोक्यावर. काठाला लावलेल्या फळ्यांवरून पाट्या घेतलेल्या मजुरांची रांग चढायची आणि दुसऱ्या फळीवरून उतरायची. काळी धूळ इतकी उडे की उतारू खोल्यांची दारं-खिडक्या लावून बसत. रास कोठारात पडली की उतारूंच्या लेखी कोळसा संपला. आगवाल्याच्या लेखी तो तिथून सुरू व्हायचा.

चार तासांची पाळी

बोटीच्या अगदी तळाशी, पाण्याच्या रेषेच्या कितीतरी खाली, भट्टीखाना. खाली जायचं ते उभ्या लोखंडी शिडीनं, कठडा हाताला चटके देणारा. खाली अरुंद गल्ली, पायाखाली लोखंडी पत्रे, आणि समोर दोन माणसांच्या उंचीपेक्षाही मोठे, आडवे ठेवलेल्या पिंपासारखे बॉयलर. एकेका बॉयलरच्या पोटात तीन-चार भट्ट्या. उजेड मिणमिणता, पण भट्टीचं दार उघडलं की सारी गल्ली पांढरी होऊन जाई.

पाळी चार तासांची, मग आठ तास सुटी, आणि पुन्हा चार तास. आगवाल्याच्या वाट्याला बहुधा तीन-चार भट्ट्या येत. कोळसा नुसता फेकून भागत नसे. दार उघडायचं, आधी मागच्या टोकाला, मग मध्ये, मग पुढं, पातळ आणि सारखा थर बसेल असा फावड्यानं उडवायचा आणि दार झटकन लावायचं. दार जास्त वेळ उघडं राहिलं तर गार हवा आत शिरते आणि वाफेचा काटा खाली येतो. काटा खाली आला की वरून इंजिनियरचा आवाज आलाच. समुद्र खवळलेला असेल तर बोट कलते तसं पायाखालचं सगळं कलतं. फावडं भरल्यावर बोट परत सरळ होण्याची वाट पाहायची आणि त्या क्षणी फेक करायची. ताल चुकला तर माणूसच भट्टीच्या दारावर जाऊन आदळायचा.

सगळ्यात कठीण काम भट्टी साफ करण्याचं. जळलेल्या कोळशातली माती वितळून जाळीवर तिचे गठ्ठे धरत. आपल्याकडं वीटभट्टीत जास्त भाजून एकमेकींना चिकटलेल्या विटांना खंगर म्हणतात, तसेच हे कोळशाचे खंगर. ते साचले की खालून हवा लागत नाही आणि आग गुदमरते. मग माणसाहून लांब सळई घेऊन आगवाला धगधगता निखारा एका बाजूला सारायचा, जाळीला चिकटलेला खंगर उचकटायचा आणि दाताळ्यानं ओढून थेट आपल्या पायापुढं पाडायचा. त्यावर समुद्राचं पाणी मारलं की गंधकाच्या वासाची वाफ उसळे. तोंडात ओल्या फडक्याचं टोक धरून लोक श्वास घेत. पाळी संपताना राख आणि खंगर बादल्यांनी वर ओढून समुद्रात टाकायचे, मगच दुसऱ्या पाळीला जागा द्यायची.

त्याच्या मागं असायचा कोयलावाला. अंधाऱ्या कोठारात दिवा घेऊन शिरायचं, कोळसा फोडायचा, हातगाडीत भरायचा आणि आगवाल्याच्या पायाशी आणून ओतायचा. भट्टीजवळचा कोळसा आधी संपे. मग दर दिवशी थोडं अधिक आत, थोडं अधिक लांब जावं लागे. उतारूंना मुक्काम जवळ येताना दिसे तेव्हा कोयलावाल्याची खेप सगळ्यात लांबची झालेली असे. कोठारातला कोळसा एका अंगानं जास्त उपसला तर बोट कलायची, म्हणून तिचा तोल सांभाळणंही त्याच्याच फावड्यावर. कधी कोळसा आतल्या आत धुमसू लागे, तोही त्यालाच उपसून काढावा लागे.

मे महिन्यात आमच्याकडं पारा ४३-४४ ला गेला की दुपारी रस्ते ओस पडतात. तांबड्या समुद्रात, वारा पाठीमागून आणि बोटीच्याच वेगाचा असला की वरच्या भोंग्यांतून हवेची झुळूकही खाली उतरत नसे, आणि भट्टीखान्यातला पारा पन्नासच्या पुढं जाई. माणसं शुद्ध हरपून पडत, त्यांना दोरानं बांधून वर ओढत. कोणी उष्म्यानं भ्रमिष्ट होऊन थेट समुद्रात उडी घेतल्याच्या नोंदी त्या काळच्या जहाजांबाबत वारंवार सापडतात.

कोण होते हे लोक?

हिंदी खलाशांना इंग्रज लस्कर म्हणत. मुंबईहून सुटणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर माणसांची वाटणी ठरलेली होती. डेकवर रत्नागिरी आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे दर्यावर्दी, त्यांत कोकणी मुसलमान पुष्कळ. जेवणघरात आणि उतारूंच्या सेवेत गोव्याचे ख्रिस्ती. खाली भट्टीखान्यात आधी आफ्रिकी मुळाचे सिद्दी, आणि पुढं पंजाबी व पठाण. कलकत्त्याहून सुटणाऱ्या बोटींवर सिल्हटचे लोक. पंजाबी आणि पठाण तर समुद्र ज्यांनी जन्मात पाहिला नव्हता अशा कोरडवाहू मुलखातली माणसं, आणि बोटीवर आल्यावरही समुद्र त्यांच्या नजरेस क्वचितच पडे.

भट्टीखान्याचा मुखत्यार म्हणजे सारंग. त्याच्या हाताखाली टंडेल, मग तेलवाला, मग आगवाला आणि शेवटी कोयलावाला. हिंदुस्थानी, पोर्तुगीज, इंग्रजी आणि किनाऱ्यावरच्या बोलींच्या मिश्रणातून त्यांची एक भाषा तयार झाली होती. थॉमस रोबकनं तिचा कोश १८११ लाच छापला होता. सारंग गावाकडून माणसं आणायचा, काम द्यायचा आणि मोबदल्यात पगारातला वाटाही घ्यायचा. बंदरावर दलाल, खोलीवाले आणि सावकार होते. नोकरी मिळेपर्यंत त्यांच्या उधारीवर जगायचं, आणि मिळाली की पहिला पगार त्यांच्याच हाती जायचा. प्रत्येक प्रवासाची नोंद असलेलं शिक्क्याचं पुस्तक खलाशी जिवापाड जपे. ते हरवलं तर पुढची बोट मिळणं मुश्कील.

या माणसांना उष्मा सोसतो, असं गोऱ्या कंपन्या ठासून सांगत. उष्मा कोणालाच सोसत नाही. खरं कारण पगारात होतं. हिंदी खलाशाला ब्रिटिश खलाशाच्या तिसऱ्या ते पाचव्या हिश्श्याइतकाच पगार पडे. जागेचाही कायदा होता. १८९४ च्या ब्रिटिश कायद्यात गोऱ्या खलाशाला बोटीवर राहायला ७२ घनफूट जागा सांगितली होती. १९०६ ला ती १२० घनफूट झाली. हिंदी खलाशाची ३६ घनफूटच राहिली. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, दोन फूट उंच अशी पेटी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे ३६ घनफूट किती ते कळेल. चार तास भट्टीपुढं उभं राहून आलेल्या माणसाला पाठ टेकायला कायद्यानं दिलेली जागा ती एवढी. १९१४ च्या सुमारास ब्रिटिश व्यापारी जहाजांवर असे सुमारे ५० हजार हिंदी खलाशी होते. दर सहा खलाशांमागे साधारण एक.

वरचा मजला आणि खालचा

८ जुलै १९१० ची सकाळ मराठी माणसाला तोंडपाठ आहे. मार्सेयच्या बंदरात ‘मोरिया’ बोटीच्या खिडकीतून सावरकरांनी समुद्रात उडी घेतली. मोरिया ही पी अँड ओची, १९०८ ला बांधलेली कोळशावरची बोट. ती खिडकी आपल्या इतिहासात कायमची कोरली गेली. त्याच बोटीच्या तळाशी, त्याच प्रवासात, आपल्याच देशातली माणसं भट्ट्या साफ करत होती. एकाच लोखंडी भिंतीच्या आत राजबंदीही होते आणि वेठीला जुंपल्यासारखे राबणारे आगवालेही. दोघांची गुलामी एकाच साम्राज्याची. एकाची कथा आपण लिहिली, दुसऱ्याची लिहायची राहिली.

कोकणच्या किनाऱ्यावर आगबोट घरचीच झाली होती. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरं घेत ती जायची. बोट बाहेर खोल पाण्यात थांबे आणि पडावांतून माणसं, ट्रंका, फणस, कोंबड्या काठावर येत. पावसाळ्यात ती बंद. मुंबईच्या गिरण्यांना कोकणचे हात मिळाले ते तिच्यातूनच. ‘बोट लागणे’ हा वाक्प्रचार तिनंच मराठीला दिला. उतारूची मळमळ भाषेत कायमची राहिली, भट्टीखान्यातली भोवळ मात्र राहिली नाही.

या किनाऱ्यावरची मोठी कंपनी गोऱ्यांची होती आणि लोक तिला शेफर्ड म्हणत. तिच्याशी टक्कर द्यायला स्वदेशीच्या लाटेत देशी भागधारकांची कंपनी उभी राहिली. किनाऱ्यानं तिला नाव दिलं ‘माझी आगबोट कंपनी’. नावातला तो ‘माझी’ शब्द वाचताना आजही ऊर भरून येतो. तिच्या बोटींची नावं तुकाराम, रामदास. पुढं वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी यांनी मोठ्या समुद्रावर उडी घेतली. ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून त्यांनी ‘लॉयल्टी’ ही बोट घेतली, कंपनीचं नावही सिंदिया ठेवलं, आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ती बोट मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. लॉयल्टीही कोळशावरचीच. त्या दिवशी धक्क्यावर जमलेल्यांना तिच्या धुराड्यातून निघणारा धूर दिसला असेल. तो धूर म्हणजे खाली कोणीतरी पहिलं फावडं टाकल्याची खूण.

सगळ्यात आधी बुडणारे

पहिल्या महायुद्धात पाणबुड्या आल्या. टॉर्पेडो जहाजाला पाण्याखाली, बहुतेकदा इंजिन आणि भट्टीखान्याच्या अंगाला लागतो. एका बाजूनं समुद्र आत शिरतो, दुसऱ्या बाजूला तापलेला बॉयलर. पाळीवर असलेल्यांपुढं तीच एक उभी शिडी. डेकवरच्यांना होडीपर्यंत पोचायला वेळ मिळे, खालच्यांना क्वचितच.

१९१७ ला डॉ. आंबेडकर लंडनहून परत आले, तेव्हा त्यांचं सामान दुसऱ्या बोटीनं यायचं होतं. ती बोट पाणबुडीनं बुडवली आणि त्यांची अमोल पुस्तकं तळाला गेली. त्या ग्रंथांची हळहळ आपल्याकडं घराघरांत सांगितली जाते, आणि ती खरीच आहे. त्या काळात बुडालेल्या अशा प्रत्येक बोटीबरोबर तिला चालवणारी माणसंही होती, हेही त्याच श्वासात सांगायला हवं. त्यांच्याही घरी कोणीतरी वाट पाहत होतं.

मुंबईत मशीद बंदर स्टेशनच्या पूर्वेला हिंदी खलाशांचं वसतिगृह आहे. तिथं पहिल्या महायुद्धात मेलेल्या दोन हजारांवर खलाशांचं स्मारक आहे. दुसऱ्या युद्धातल्या नावांची यादीही तिथं आहे, आणि त्यांत व्यापारी जहाजांवरचे जवळजवळ सहा हजार आहेत. ज्यांना कबर नाही, चिता नाही, अशांची ती नावं. लोकलच्या गर्दीपासून काही पावलांवर ती आहेत, पण मुंबई बघायला गेलेला माणूस तिकडं सहसा वळत नाही.

पण हे लोक मुकाट मरणारे नव्हते. सप्टेंबर १९३९ ला दुसरं युद्ध सुरू होताच ब्रिटनच्या आणि वसाहतींच्या बंदरांत हिंदी खलाशांनी बोटीवर चढायला नकार दिला. मरणाची जोखीम वाढली आहे तर पगारही वाढवा, ही साधी मागणी. शेकडो जणांना तुरुंगात टाकलं, तरी शेवटी कंपन्यांना पगार वाढवावा लागला. जाळ घालणारा हात थांबला की सगळंच थांबतं, हे त्या दिवसांत साम्राज्याला कळलं.

खंगराची वाट

मग तेल आलं. ब्रिटिश आरमारानं पहिल्या युद्धाच्या तोंडावरच तेलाकडं मोहरा वळवला होता, व्यापारी जहाजं हळूहळू मागं गेली. तेलाला फावडं लागत नाही, राख ओढावी लागत नाही. जिथं पाळीला वीस माणसं राबत तिथं दोघा-तिघांत भागू लागलं. त्या नरकातून माणसाची सुटका झाली हे चांगलंच झालं. पण हजारो घरांची रोजी गेली, आणि तिच्याबरोबर एक कसबही गेलं. आगीचा रंग बघून वाफेचा काटा सांगणारी नजर आता कुठं मिळणार?

त्यांनी मागं काय ठेवलं? धूर विरला, बोटी भंगारात गेल्या. पण अलीकडं समुद्राच्या तळाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांना भूमध्य समुद्रात आणि अटलांटिकमध्ये, जुन्या आगबोटींच्या मार्गांच्या बरोबर खाली, कोळशाच्या खंगरांचा सडा पसरलेला सापडला आहे. दर पाळीच्या शेवटी बादल्यांनी वर ओढून फेकलेला तो खंगर. काही ठिकाणी त्या खडकासारख्या तुकड्यांना धरून समुद्रातले जीव राहू लागले आहेत. मुंबई, एडन, सुएझ या वाटेवरही प्रत्येक बोटीनं दर चार तासांनी हेच टाकलं.

कप्तानांचे नकाशे संग्रहालयात आहेत, कंपन्यांच्या वह्या कपाटांत आहेत. आगवाल्यांनी आपला नकाशा समुद्राच्या तळाशी काढून ठेवला आहे, पाळीमागून पाळी, बादलीमागून बादली.

इथं शिवारात हळदीचा हंगाम उरकला, की चुलीतली राख धुऱ्यावर ओढून टाकतात. पहिल्या पावसात ती वाहून जाते. जाळ घालणारा गडी हात-पाय धुऊन सायकलवर बसतो आणि पुढच्या शेताकडं निघतो. त्याला यंदा नाव विचारलं पाहिजे.